सरकारी मामा

"मामा, तुमी आत नका बसू. आज बाहेर सोफ्यावर बसा, पंख्याखाली."

मनालीने माझ्या हातातली छत्री काढून घेतली आणि मला जवळजवळ ढकलतच सोफ्यावर बसवलं. मी महिन्यातून एका रविवारी येतो तसा आलो होतो. चहा, थोड्या चौकश्या आणि परत, एवढाच माझा कार्यक्रम असतो. पण आज सोफ्यावर नवी चादर होती, टीपॉय पुसून लख्ख केलेला होता आणि आतून फोडणीचा वास येत होता. मनालीची आई गोजराबाई इस्त्रीची साडी नेसून बाहेर आली आणि मला बघून दचकली.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"बगाय येत्यात हिला. उरणकडची माणसं हायती. आत्ता येतीलच."

"मग मी निघतो. पुढच्या रविवारी येईन."

"मामा, प्लीज!" मनाली दारात आडवी उभी राहिली. "वैजयंतीकाकूंनी तुमाला जिन्यात बघितलंय. त्या पण येणारेत आता. मुलीचा सख्खा मामा पाहुणे यायच्या आधी पळून गेला, असं सगळ्या बिल्डिंगला सांगतील त्या."

वैजयंतीकाकू म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या. बाई मनाने चांगल्या, पण त्यांना सांगितलेली गोष्ट आणि खांदेश्वर स्टेशनवर केलेली अनाउन्समेंट यांत फार फरक नसतो. मी बसलो. तीस वर्षांच्या नोकरीत मी अशी चूक केली नव्हती, पण त्या वेळी ती चूक आहे हे मला कुठे माहीत होतं!

मी मनालीचा मामा नाही. मी परिवीक्षा अधिकारी आहे. शब्द जड आहे, काम तसं साधं आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला कोर्ट कधी कधी तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी सोडतं आणि ठरावीक मुदतीपर्यंत त्याच्यावर देखरेख ठेवायला आमच्यापैकी एकाला नेमतं. देखरेख म्हणजे घरी जायचं, नोकरी टिकली आहे का ते बघायचं, सुटली असेल तर दुसरी शोधायला मदत करायची आणि चहा प्यायचा. चहा फार होतो. रायगड जिल्ह्यातल्या गोरगरिबांनी प्रेमाने पाजलेल्या चहाची साखर आता माझ्या रक्तात सापडते.

मनाली एकोणीस वर्षांची असताना नवीन पनवेलला मालतीबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला जायची. त्यांची सोन्याची पाटली हिने उचलली. दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा पाटली हिच्या हातातच होती. का घेतलीस, असं मी पहिल्या भेटीत विचारलं. घरची गरिबी, आईचं आजारपण, असं काहीतरी सांगेल म्हणून मी तयारीत होतो. ती म्हणाली, "हातात घालून बघितली, मग काढावीशी वाटेना." इतकं खरं उत्तर मला क्वचितच कुणी दिलं असेल. तिथेच मला वाटलं की ही पोरगी सुधारणार. कोर्टाने तिला दोन वर्षांच्या देखरेखीवर सोडलं.

आता दोन बायकांच्या घरी महिन्या-महिन्याला एक परका पुरुष येतो म्हटल्यावर बिल्डिंग गप्प बसेल का? दुसऱ्याच भेटीत वैजयंतीकाकूंनी जिन्यात अडवून विचारलं, "कोण हो तुम्ही?" मी तोंड उघडायच्या आत गोजराबाईने वरून सांगून टाकलं, "माझा भाऊ हाय त्यो!" झालं. त्या दिवसापासून मी मामा. आम्हाला हे नवीन नाही. कुणाच्या घरी मी विमा एजंट आहे, कुणाचा मावसभाऊ, कुणाच्या नवऱ्याचा जुना मित्र. ज्याची त्याची सोय. दारावर गुन्ह्याची पाटी लागू नये, एवढाच त्यातला हेतू.

आणि माझा एक नियम आहे. मुदत संपली की ओळख संपली. शेवटच्या भेटीत मी प्रत्येकाला सांगतो, आता मी रस्त्यात दिसलो तरी हाक मारायची नाही, मीही मारणार नाही. पहिली काही वर्षं लोक मला माणूसघाणा म्हणायचे. पण ज्याला आपलं जुनं विसरायचं आहे, त्याच्यासमोर ते जुनं चष्मा लावून उभं राहिलं तर तो विसरणार कसा? मनालीची मुदत दिवाळीनंतर संपणार होती.

"मुलाला माहीत आहे?" मी हळूच विचारलं.

"प्रितमला सगळं सांगितलंय. पाटलीचं, कोर्टाचं, तुमी खरे कोण ते पण." मनाली आणि प्रितम द्रोणागिरीच्या एका गोदामात कामाला होते, ती बिलिंगला आणि तो फोर्कलिफ्टवर. "तो बोलला, मला काय प्रॉब्लेम नाय. पण बाबांना कळलं तर संपलं. त्याचे बाबा जाम कडक आहेत. दुकानदाराने चुकून सुट्टे जास्त दिले तर उन्हात परत द्यायला जातात."

"लई सरळ माणूस हाय म्हणं," गोजराबाईने पदराने कपाळ पुसलं. "त्याचीच भीती वाटती."

बेल वाजली. आधी प्रितम आत आला, मागून त्याची आई सत्यभामा, नऊवारीतली, ठसठशीत कुंकू लावलेली. सगळ्यांत मागे वडील. ते चपला काढायला वाकले, उठले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गंगाराम घरत.

केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण डोळे तेच होते. मी नोकरीला नवा होतो तेव्हा हा माणूस माझ्याकडे होता. नुकतंच लग्न झालेलं, कंपनीच्या गोदामातून तांब्याची तार बाहेर काढताना पकडला गेलेला. त्याच्या नव्या बायकोला काही कळू नये म्हणून मी त्यांच्या घरी अलिबागचा चुलतभाऊ म्हणून जात असे. मुदत संपली, मी माझा नियम सांगितला आणि तो त्याने तंतोतंत पाळला.

"नमस्कार. मी गंगाराम घरत," ते म्हणाले.

"नमस्कार. मी मुलीचा मामा," मी म्हणालो.

आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. या खोलीत इतर सगळ्यांसाठी मी मामा होतो. पण या एका माणसाला मामा म्हणजे काय, भाऊ म्हणजे काय, हे पुरतं ठाऊक होतं. मनालीचं गुपित फोडायला कुणी चहाडखोर लागणार नव्हता. मी तिथे बसलो होतो, तेवढं पुरेसं होतं.

पोहे आले. वैजयंतीकाकू आल्या. मनाली किती सुगरण, किती शांत, हे त्यांनी न विचारता सांगितलं. गंगारामने बशीला हात लावला नाही. सत्यभामाबाई पोहे खाता खाता माझ्याकडे पुन्हा पुन्हा बघत होत्या. मी पंख्याकडे बघत होतो.

"मुलीचे मामा, जरा खाली येता?" गंगाराम उठले. "गाडी नीट लागली का बगतो."

खाली पार्किंगमध्ये आम्ही दोघे उभे राहिलो. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही.

"साहेब, पोरगी कशात सापडली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काय विचारताय, मला कळत नाही. आपली आजच ओळख झाली."

"अजून तसेच हाव तुमी." ते ओशाळं हसले. "पनवेलच्या एस्टी स्टँडवर एकदा दिसलेले तुमी. मी पेपर धरला तोंडासमोर."

"उलटा धरला होतात."

गंगाराम एकदम हसले. खळखळून हसले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच मान पुसली.

"पोरगी चांगली असंल. मी नाय म्हनत नाय. पन साहेब, माझा सत्यभामाला म्हाईत नाय. प्रितमला म्हाईत नाय. एक गोष्ट झाकता झाकता अर्धा जन्म गेला. जास्तीचा रुपाया हातात आला तरी मना भीती वाटतं, कोन बगंल. आता ही आनखी एक गोष्ट झाकायची. उद्या हिचा बाहेर आला तर लोक आमच्या घरात खोदायला लागतील. असली पोरगी..."

"असली म्हणजे कसली, घरत?"

त्यांचं नाव माझ्या तोंडून गेलं आणि माझा नियम मीच मोडला. गंगारामची मान खाली गेली. मला त्यांची दया आली आणि रागही आला. ज्याला एकदा सावरून घेतलं, तो दुसऱ्याला सावरून घेईलच असं आपण धरून चालतो. तसं नसतं. पाण्यातून निघालेला माणूसच कधी कधी पाण्याला सगळ्यांत जास्त घाबरतो.

"मी लग्नाला नाय बोललो," ते हळू आवाजात म्हणाले, "तर तुमी माझा सांगाल?"

हे मला लागलं. खरंच लागलं.

"नाही म्हणायचं तर नाही म्हणा. मी वर जाईन, पोहे संपवीन आणि घरी जाईन. तुमचं मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता काय सांगणार?"

ते जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माफ करा साहेब. पत्रिका जुळत नाय, असा फोनवर कलवीन परवा. पोरीला वाईट नको वाटायला."

पत्रिकेवर आपल्याकडे काय काय ढकलता येतं! मी त्यांच्या मागून जिना चढलो. प्रत्येक मजल्यावर वाटत होतं, मी त्या सोफ्यावर बसलो नसतो तर या पोरीचं लग्न आज ठरलं असतं. दोन वर्षं तिच्या दारावर पाटी लागू नये म्हणून मी खोटं बोललो आणि ऐन वेळी मीच पाटी होऊन बसलो.

आम्ही आत आलो. मनाली पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. आमचे चेहरे बघून तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण तिने प्रितमकडे बघितलंच नाही. खाली फरशीकडे बघत राहिली. गंगाराम खुर्चीवर बसले आणि निघण्याच्या बेतात दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले.

"कवापासून बगतंय मी तुमाला," सत्यभामाबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "आता आठवला. तुमी आमच्या घरी यायचेत ना? माझा लगीन नवीन झालेला तवा. यांचे अलिबागचे भाऊ तुमी!"

"अय्या, म्हणजे जुनी ओळख निघाली की!" वैजयंतीकाकूंनी टाळी वाजवली. "बघा, लग्नगाठी अशा असतात."

प्रितमने माझ्याकडे पाहिलं. मी कोण आहे आणि कसल्या लोकांच्या घरी जातो, हे त्याला मनालीने सांगितलेलं होतं. मग त्याने हळूहळू मान वळवून वडिलांकडे पाहिलं. त्याला आता काही विचारायचं उरलं नव्हतं, आणि त्याला कळलंय हे गंगारामला दिसत होतं.

गंगारामला सुटायला वाट होती. एकासारखी दुसरी माणसं असतात, तुझा काहीतरी घोटाळा होतोय, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी तर ते वाक्य जिभेवर आणून ठेवलं होतं. गंगारामने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला बोलू दिलं नाही.

"होय, तेच हे," ते म्हणाले. "भाऊ नव्हते पन. माझ्या कामासाठी यायचे." मग मुलाकडे वळून म्हणाले, "प्रितम, घरी गेल्यावर सांगतो तुला."

"नका सांगू, बाबा." प्रितमने टीपॉयवरची बशी उचलून वडिलांच्या हातात दिली. "पोहे खा. गार झालेत."

गंगारामने बशी घेतली. त्यांनी पहिला घास घेतला. मग ते खाली मान घालून सगळे पोहे संपेपर्यंत खात राहिले, आणि आम्ही सगळे त्यांना खाताना बघत राहिलो. बशी रिकामी झाल्यावर त्यांनी मनालीसमोर हात केला.

"पोरी, पानी दे."

पाणी प्यायले. तोंड पुसलं. मग गोजराबाईला म्हणाले, "ताई, घरात नारल हाय का? आमी आनला नाय. बगून जाऊ म्हनून आलेलो."

गोजराबाई नारळ आणायला आत गेली ती बाहेर येईना. वैजयंतीकाकू बघायला गेल्या, तर ती नारळ छातीशी धरून ओट्याला टेकून रडत होती.

दिवाळीनंतर मनालीची मुदत संपली. शेवटच्या भेटीत मी नियम सांगायला सुरुवात केली, तर तिने मध्येच तोडलं.

"ओळख संपली तर मला मांडवात कोण आणणार? आईला भाऊ नाय."

मला सख्खी बहीण आहे, तिला मुलगीही आहे. त्या भाचीच्या लग्नात मामा म्हणून माझा धाकटा भाऊ उभा राहिला, कारण मला त्या दिवशी माणगावच्या कोर्टात जायचं होतं. बहीण अजून ते ऐकवते. मी मनालीला म्हणालो, "येतो. पण त्या दिवसापुरताच." आणि घरी जाऊन बायकोला सदरा इस्त्री करायला सांगितला.

लग्न उरणजवळ त्यांच्या गावात झालं. मांडवात गर्दी होती, बँजो इतका जोरात की भटजींचं कुणालाच ऐकू येत नव्हतं. मी मनालीचा हात धरून तिला आणलं. हिरव्या चुड्याने भरलेला हात होता. त्यात एकही सोन्याची पाटली नव्हती. सासूने करायची म्हटली होती, हिने नको म्हणून सांगितलं होतं. अंतरपाटापर्यंतची वाट फार मोठी नव्हती, पण मी ती हळूहळू चाललो. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी तिच्या मागे उभा होतो. माझे डोळे भरून आले, आणि ते भरून आले याची मला लाजही वाटली नाही.

जेवणानंतर सत्यभामाबाई ताटातून आहेर घेऊन आल्या. टॉवेल, टोपी, नारळ.

"मामांचा मान," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवला. "भाऊजी, तुमी आमच्याकडं यायचेत तवा दार मी उघडायचे. सख्खा असू दे का चुलत, दीर घरात आला का वहिनीची मस्करी करतो, चाय मागतो. तुमी पानीसुदा विचारल्याशिवाय घेत नव्हतेत. आनि तुमी यायच्या आदल्या रातीला यांना झोप नसायची. मना काय तेवढा पन कलत नाय?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"मंग! नवी होते, म्हनून बोलले नाय. पुढं बोलायचा राहूनच गेला."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का बोललात?"

त्यांनी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. गंगाराम पंगतीत जिलब्या वाढत होते. प्रितमचा एक मित्र काहीतरी बोलला, तसे ते मान मागे टाकून हसले.

"ते खालून वर आले ना तुमच्यासंगं, तवा त्यांचा तोंड बगितला मी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "नाय म्हनून उठनार होते. आनि मंग पुना रातभर जागत बसले असते. म्हनून टाकला बोलून."

त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेल्या.

त्यानंतर उन्हाळ्यात मी पनवेलच्या एस्टी स्टँडवर उभा होतो. सोबत मैत्री नावाची एक मुलगी होती, माझ्याकडे नुकतीच आलेली. तिला शिवणाच्या एका कारखान्यात काम मिळतंय का ते बघायला आम्ही निघालो होतो. पहिले काही महिने माझी सगळी माणसं दिसतात तशीच ती दिसत होती. ओढणी तोंडापर्यंत ओढलेली, पाठ भिंतीला लावलेली, कुणी मोठ्याने बोललं तरी अंग चोरणारी.

समोरच्या फलाटावर उरणची बस लागली होती. रांगेत मनाली आणि गंगाराम होते. मनाली जरा जाड झाली होती, हातात भाजीची पिशवी होती. तिने मला पाहिलं. चेहरा फुलला, हात वर गेला, हाक ओठांवर आलेली मला इथून दिसली. आणि खरं सांगतो, नियम-बियम सगळं विसरून मीही तिच्या हाकेची वाट बघत होतो.

तेवढ्यात तिची नजर माझ्या शेजारी गेली. भिंतीला टेकलेल्या मैत्रीवर ती क्षणभर थांबली. मनालीने वर गेलेला हात केसांवरून फिरवला आणि खाली घेतला. मग सासऱ्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आमच्याकडे पाठ करून बसच्या पाटीकडे बघत उभी राहिली.

मैत्रीच्या ते लक्षात आलं. या माणसांच्या लक्षात सगळं येतं.

"ते दोघं आपल्याकडं बघत होते," ती घाबरून म्हणाली. "ओळखीचे आहेत का तुमच्या?"

"नाही," मी म्हणालो.

समोर गंगाराम घरतांनी काखेतला पेपर उघडून तोंडासमोर धरला होता. या वेळी सुलटा.